पेन्सिलीचे ठिपके

३ सप्टेंबर, मंगळवार

भिंत गेली! गेल्या वर्षीच, आणि मला आज कळतंय.

भिंत म्हणजे ते प्राध्यापक. एकवीस वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात, मीटिंगच्या खोलीत, कोपऱ्यात खुर्ची टाकून आठ महिने बसायचे. सॉफ्टवेअर बनवणारे लोक गिऱ्हाइकाला काय हवंय ते कसं समजून घेतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी इथे नाहीच असं समजा. भिंत समजा." नाव पडलं ते पडलंच. आमचा टेस्टर शंकासुर तेव्हाच कुजबुजला होता, "भिंतीला कान असतात बरं का."

बातमी आणली त्यांच्या विद्यार्थिनीने. तोच अभ्यास पुन्हा करायचा म्हणते. तेच ऑफिस, तेच प्रश्न, आणि माणसंही तीच, जी सापडतील ती. बाकीचे पांगले. ऑफिसात उरलो मी, तोही महिनाअखेरपर्यंत. मग निवृत्ती, एक शाल, एक भाषण.

हसून म्हणाली, "तुम्ही क्रमांक सात ना, सर?" अभ्यासात नावं नसतात, नंबर असतात. मुलाखत बारा तारखेला, गुरुवारी.

४ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत जुन्या मीटिंगच्या खोलीत डोकावून आलो. मोडक्या खुर्च्या ठेवतात आता तिथे. कोपऱ्यात भिंतीचा रंग एका जागी घासला गेलाय, खांद्याच्या उंचीवर. ते मागे टेकून बसायचे, तिथेच. खऱ्या भिंतीला आमच्या भिंतीची खूण! उगाच हात लावून बघितला.

त्यांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत टोक केलेल्या पाच पेन्सिली असायच्या. मीटिंगमध्ये कोणी मोठ्याने बोललं की ते मान खाली घालून लिहायचे, आणि कोणी गप्प बसलं की त्याहून भराभर. चार वाजता चहाच्या टेबलाशी आले की भिंतीचा माणूस व्हायचा. साखर जास्त लागायची. एकदा मला विचारलं, "तुम्ही 'नक्की' म्हणता तेव्हा ते साधारण किती नक्की असतं?" शंकासुराच्या नाकातून चहा आला होता.

चांगले दिवस होते. तरुण होतो म्हणून नाही. आपलं काम कोणीतरी इतक्या बारकाईने बघतंय, याचंच अप्रूप होतं. नंतर कोणी तसं बघितलं नाही.

५ सप्टेंबर

साबण राहिला आणायचा. ही म्हणाली, "अख्ख्या जगाला काय हवंय ते लिहून घेता. घरातलं सांगितलेलं तेवढं एका कानाने ऐकता आणि दुसऱ्याने सोडता."

६ सप्टेंबर

विद्यार्थिनी आजपासून येऊन बसते. कोपऱ्यात नाही, टेबलाशीच, आणि बोलते सगळ्यांशी. ऑफिसातल्या पोरांनी नाव ठेवलं — खिडकी. बरोबर आहे. वारा येतो.

प्रश्नांचा कागद आधीच देऊन ठेवला. अकरावा प्रश्न जसाच्या तसा. 'बस डेपोच्या कामात, वहीतल्या ठिपक्यांबद्दल वापरणाऱ्याने तुम्हाला कधी काही सांगितलं होतं का?'

भिंतीने हा प्रश्न मला तीनदा विचारला होता. वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो.

८ सप्टेंबर, रविवार

ही बहिणीकडे गेलीय. घरात कोणी नाही. लिहूनच टाकतो, निदान इथे तरी.

डेपोसाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. कुठल्या ड्रायव्हरला कुठली ड्यूटी, ते यंत्राने ठरवायचं. तोवर ते काम एक कारकून वहीत करायचे, बावीस वर्षं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते कसं करतात ते समजून घेऊन लिहून काढणं हे माझं काम. वहीत काही नावांपुढे पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. मीटिंगमध्ये मी विचारलं, हे काय? समोर डेपोचे मोठे साहेब. अण्णा म्हणाले, "काही नाही, असंच." मी तसंच लिहिलं.

मीटिंग सुटली. माझ्या दोन्ही हातांत केकचा खोका. लेकीचा वाढदिवस होता, दुपारीच आणून ठेवला होता. जिन्यात अण्णा मागून आले. "कितवा?" म्हणाले. पाचवा, म्हटलं. मग हळूच म्हणाले, "साहेबांसमोर बोलता येईना. ज्याच्यापुढे एक ठिपका, त्याला सकाळची पहिली गाडी देत नाही. घरी आजारी माणूस आहे, औषध देऊन निघावं लागतं. ज्यांच्यापुढे दोन, त्यांची आपसांत बोलचाल नाही, त्यांना लांब पल्ल्याच्या एका गाडीवर ठेवत नाही. नियमात हे कुठे नाही. पण डेपो चालतो तो यावर."

उद्या लिहितो, म्हटलं. उद्या विसरलो. परवा आठवलं, तेव्हा कागद सह्या होऊन गेले होते. परत उघडायचे म्हणजे आपली चूक कबूल करायची. आधीची कंपनी बंद पडून इथे लागलो होतो, अजून कायमही झालो नव्हतो. गप्प बसलो.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि दोन आठवड्यांत डेपोचा बोऱ्या वाजला. पहिल्या गाड्या सुटेनात, दोघा ड्रायव्हरांची हातघाई झाली. चौकशी बसली. साहेबांनी माझाच कागद वाचून दाखवला, 'ठिपके : काही नाही, असंच.' म्हणाले, अण्णांनी मुद्दाम माहिती दडवली. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत होतो.

त्यांची ड्यूटीची वही काढून घेतली. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. छत्र्या आणि एकेकटे मोजे यांच्यात सहा वर्षं काढून ते निवृत्त झाले.

हिलासुद्धा हे सांगितलेलं नाही.

९ सप्टेंबर

भिंतीचा त्या अभ्यासावरचा पेपर छापून आला तेव्हा त्यांनी मला एक प्रत दिली होती. पहिल्याच पानावर माझं वाक्य : 'वापरणारा माणूस खरी गरज सांगतच नाही (क्रमांक सात).' तेवढं वाचलं आणि कपाटात टाकला. भाषाही जड. पण खरं कारण ते नव्हे. माझं खोटं छापून आलं होतं, पुढे काय वाचायचं? त्यावर पोरं शिकली असतील, परीक्षा दिल्या असतील. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र मिरवून दाखवला. आमच्यावर पेपर आहे म्हणून!

१० सप्टेंबर

शंकासुराला फोन केला. गुडघे सोडून बाकी ठीक म्हणाला. अण्णांचं विचारलं. "आहेत की. डेपोमागच्या गल्लीत, दारातल्या बाकावर बसलेले असतात. तुला कसे दिसतील? तू त्या गल्लीतून जातोस कुठे!" मी ती गल्ली टाळतो हे कळलं होतं तर त्याला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. महिनाअखेर सुटतोस. कशाला उकरतोस?"

ऐकावंसं वाटलं. फार वाटलं.

११ सप्टेंबर

उद्या अकरावा प्रश्न. खोटं बोललो तर त्या पोरीच्या अभ्यासातही तेच खोटं जाईल. आणि अण्णांवर तो ठपका दुसऱ्यांदा बसेल, तोही माझ्याच तोंडून.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं.

दहाव्या प्रश्नापर्यंत आवाज नीट होता. अकराव्याला पाणी मागितलं. मग जिना, खोका, ठिपके, चौकशी, सगळं. खिडकी लिहीत नव्हती. शेवटी म्हणाली, "सर, एक विचारू? पेपर तुम्ही पूर्ण वाचलात का कधी?"

वाचला, म्हणणार होतो. पण 'नाही' म्हणून टाकलं. म्हणाली, "घरी जाऊन पान चौदा वाचा."

घरी आल्यावर हिला आधी सांगितलं. भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणून एकवीस वर्षं मला डेपोला वळसा घालून बाजारात नेताय होय!" आणि मग हात पुसून शेजारी येऊन बसली.

१३ सप्टेंबर

पान चौदा. तीनदा वाचलं. हिलाही वाचून दाखवलं.

भिंत सगळं बघत होती! आठ महिन्यांत जिन्यात, दारात, चहाच्या टेबलाशी गिऱ्हाइकांनी सांगितलेल्या सेहेचाळीस गोष्टी त्यांनी टिपल्या होत्या. त्यांतल्या आमच्या कागदांत आल्या तीन. आणि खाली : 'क्रमांक सातने मुलाखतीत सांगितलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं जुळत नाही. ठिपक्यांचा अर्थ वापरणाऱ्याने त्याच दिवशी जिन्यात सांगितला होता (निरीक्षक वरच्या पायरीवर). वापरणारे सांगतात. लिहिणारे लिहीत नाहीत.'

पेपरचा निष्कर्षच हा आहे. पहिल्या पानावरचं माझं वाक्य त्यांनी खोडून काढण्यासाठी घेतलं होतं. आणि मी शहाणा, खोट्यावर उभा पेपर म्हणून वीस वर्षं मनात कुढत बसलो.

त्यांना तेव्हाच माहीत होतं. तीनदा विचारलं, ती तीनदा संधी दिली होती. तरी रोज चार वाजता माझ्या शेजारी बसून चहा प्यायले, लेकीची चौकशी केली. आधी राग आला. मग रडू आलं. आज असते तर जाऊन पाय धरले असते.

खिडकीला फोन केला. एवढं माहीत होतं तर भिंतीने साहेबांना जाऊन का नाही सांगितलं? म्हणाली, "नंबर कोणाचा ते कुणाला सांगायचं नाही, असा शब्द दिलेला असतो, सर. तो मोडता येत नाही. पण त्यांच्या वहीत एक नोंद आहे. पेपर छापल्यावर हे पान ते स्वतः अण्णांच्या हातात देऊन आले होते. अण्णांना वाटलं तर त्यांनी दाखवावं म्हणून."

म्हणजे अण्णांकडे पुरावा होता. छापील. अजून पाच वर्षं त्या छत्र्यांच्या खोलीत काढायची होती, आणि पुरावा खिशात होता. मग दाखवला का नाही?

१५ सप्टेंबर, रविवार

डेपोमागच्या गल्लीतून गेलो. अण्णा बाकावर होते. ओळखलं लगेच. माफी मागितली, आणि ते पान साहेबांना का दाखवलं नाही ते विचारलं.

म्हणाले, "दाखवलं असतं तर तुमची नोकरी जाती. पाच-सहा वर्षांची पोर घरात. माझी नुसती खोली बदलली." जरा सरकून मला जागा केली. "आणि तुमच्या दोन्ही हातांत खोका होता हो. लिहिणार कशाने?"