कोणता व्हॉल्व्ह गोड?

४ जानेवारी
डोकं फिरलंय नुसतं! दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचं — "आता बरं दिसतं, की आधी?" आणि घरी आले की हे मला खुर्चीत बसवून विचारणार — "आता बरं वाटतं, की आधी?"

यांच्या त्या जुन्या अँप्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, बोटाएवढे. एक जोडी फडक्यात धरून उपसायची, दुसरी खोचायची, तापेपर्यंत थांबायचं आणि तीच व्हायोलिनची रेकॉर्ड पुन्हा लावायची. पुन्हा!

"मला नाही फरक कळत," म्हटलं.

"कळतो. तुझे कान तिखट आहेत. सांग."

तिकडे दूध उतू गेलं, ते वेगळंच.

९ जानेवारी
परत तेच. सांगितलं एकदाचं — पहिल्या जोडीचं व्हायोलिन गोड, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखं. दुसरीत माणूस समोर बसून वाजवतोय, गज तारेवर घासतो तेही कळतं. एवढं बोलले तरी सुटका नाही. "आणि मागची झांज?" झांज गेली खड्ड्यात!

१५ जानेवारी
आज कळस झाला. यांचे मित्र आले होते. सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणतात. त्यांनाही व्हॉल्व्हचं हेच वेड. मी चहा घेऊन बाहेर येते तर हे ऐटीत सांगतायत, "ही जोडी शेजारच्या खोलीतून वाजते. ही समोर येऊन बसते. गज घासलेला ऐका!"

माझे शब्द! शब्दन् शब्द माझा! पोस्टमास्तर मान डोलावतायत — "काय कान आहेत राव तुमचे!" — आणि हे मिशीत हसतायत. "ही म्हणाली" एवढं म्हणायला जीभ झडली असती? आयत्या बिळावर नागोबा!

१६ जानेवारी
दिवसभर अबोला धरला. यांच्या लक्षातही आलं नाही.

२२ जानेवारी
नवी जोडी आणलीय. लावली मात्र, स्पीकरमधून कढईत काही सोडावं तशी चरचर! कानाला टोचत होती अगदी. मी डोळे मिटून म्हटलं, "वा! पाण्यासारखा नितळ. हीच ठेवा."

चेहरा असा खुलला यांचा! खुलू दे. आता बघतेच.

२५ जानेवारी
पोस्टमास्तर बायकोला घेऊन आले. हे उभे राहूनच म्हणाले, "आता ऐका. पाण्यासारखा नितळ!" रेकॉर्ड लागली. चरचर सुरू. पोस्टमास्तरांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला — "अगं बाई, आत काहीतरी तळतंय!" पोस्टमास्तर तर खो खो हसत सुटले. "राव, कान धुऊन या आधी!"

मीही हसणार होते. पण हे स्पीकरकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

बरी जिरली! चांगली जिरली. मग मलाच का चैन पडत नाहीये?

२८ जानेवारी
यांनी अँप्लिफायरवर जुनी चादर टाकलीय. चकार शब्द नाही. अहो, भांडा तरी! खोटं का बोललीस म्हणून विचारा! मग मीही विचारीन, माझे शब्द का चोरलेत? पण नाही. नुसतं — "लेकीचा फोन आला का?" लेकीचे दिवस भरत आलेत, कबूल. म्हणून मी राग गिळून बसायचं? आणि हा असा मुकाट माणूस! आदळआपट करायची ती एकटीने किती करायची? आज दोन कप फुटले.

३ फेब्रुवारी
लेकीला मुलगी झाली! पोरीने रडून दवाखान्याचा अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. हे पाळण्यावर वाकले, कान थेट तिच्या तोंडाशी नेला. बराच वेळ तसेच.

खाली उतरताना जिन्यात थांबले. कठडा घट्ट धरून म्हणाले, "बारीक आवाज मला येतच नाहीत गं. दोनेक वर्षं झाली. बोलणं ओठांवरून जुळवतो. बाकी तू सांगतेस तेवढंच." मग म्हणाले, "कशी रडते गं ती?"

तिथेच पायरीवर बसलो. मी सांगत राहिले.