नायिकेला एक प्रश्न

४ जानेवारी

हात मोडून आला! सकाळपासून सह्या. कॉमिकच्या शेवटच्या पानावर जाहिरात असते — ‘कूपन कापून पाठवा, लाडक्या नायिकेचा सहीचा फोटो मिळवा’. सिनेमातली ती नायिका आमच्या कचेरीत कधी फिरकलेली नाही. सही मी करते. कूपनात एक ओळ असते, ‘नायिकेला एक प्रश्न’. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. मालकांची सक्त ताकीद — ‘‘सहीपुढे एक अक्षर नको. लोक खरं धरून बसतात.’’

घरी सांगितलंय, पाकिटं चिकटवते. धाकटी बहीण या नायिकेवर जीव टाकते. कळलं तर माझं तोंड पाहणार नाही.

९ जानेवारी

डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. धाकटीच्या हृदयाचं ऑपरेशन केलं नाही तर वर्षही निघणार नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडलीय. ‘‘ताई, मी नाही जाणार. बाबा तरी ऑपरेशनला जाऊन आले का परत?’’ आईनं विनवण्या केल्या. मी ओरडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

१५ जानेवारी

आज गठ्ठ्यात धाकटीचं कूपन! शेजारणीला गुपचूप टपालात टाकायला लावलं असणार. तेच अक्षर, ओळीवरून घसरणारं. प्रश्न — ‘तुमचं कधी ऑपरेशन झालंय का? भीती वाटली का?’

मालक जेवायला गेले होते. फोटोमागे लिहून टाकलं — ‘झालंय. मुळीच दुखलं नाही. चार दिवसांत उठून नाचायला लागले. तूही जा.’ खाली सही. इतकी झोकदार सही आजवर जमली नव्हती.

२० जानेवारी

फोटो पोचला. ‘‘ताई, तिनं स्वतः लिहिलंय गं!’’ मग आईला म्हणाली, ‘‘कधी जायचं?’’ आई रडली, मीही रडले. एवढं खोटं माफ असावं.

२ फेब्रुवारी

आत नेली. फोटो छातीशी धरून. नर्सनं दारातच तो काढून माझ्या हातात दिला.

गेली. टेबलावरच.

१६ फेब्रुवारी

कामावर गेले. घरी बसवत नाही. आई दिवसभर तो फोटो घेऊन बसते, मागचं वाचते, पुन्हा उलटते. ‘‘बाई चांगली गं. पोर हसत गेली,’’ म्हणाली. मी भांडी घेऊन मोरीत गेले. तिला सांगायला हवं. जीभ उचलत नाही.

२४ फेब्रुवारी

गठ्ठ्यात आईचं अक्षर. धाकटीच्या कॉमिकमधून कापलेलं कूपन. प्रश्न —

‘तुम्ही उठलात. माझी का नाही उठली?’