घड्याळाच्या जागी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा मोटारींची मीटरं दुरुस्त करणं, हे माझं मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दाब मोजण्यातच आयुष्य गेलं. असता तर कळला असता.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मीही गिऱ्हाइकांना तसंच सांगते आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. तरी गाडी खोलायला देण्याआधी आतलं सामान काढून घ्यावं, म्हणून हे लिहिणं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

कलम एक. मी लग्न केलं नाही. जवळची माणसं तीन. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायची. त्याची बायको, माझी वहिनी. त्यांची मुलगी ठकी, जी लोकांना मोटार चालवायला शिकवते आणि दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबत असते.

आमचे वडील, अण्णा, घड्याळं आणि मीटरं दोन्ही दुरुस्त करत. हात थकल्यावर त्यांनी दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. पलीकडे घड्याळं आणि दादा, अलीकडे मीटरं आणि मी. तेव्हा आमचं भांडण नव्हतं. फळ्या आधी आल्या, भांडण मागून आलं.

कलम दोन. दुकानाची माझी बाजू आणि वरच्या दोन खोल्या ठकीला. उत्तरेकडची खिडकी ओढून लावावी लागते. ती दुरुस्त करू नये. ती ओढल्याच्या आवाजावरून वर कोण आलंय ते कळतं.

बँकेतली ठेव वहिनीला, गुडघ्यांसाठी. इतकी वर्षं तिनं फळीतल्या झरोक्यातून मला चहा दिला. एकदाही "हे भांडण मिटवा" म्हणाली नाही. एकदाच म्हणाली, "साखर दोन्हीकडे सारखीच घालते हो, कोणी काही समजू नये."

कलम तीन. हत्यारं, दाब तपासायचा पंप आणि तबकड्या रंगवायचे ब्रश, तेही ठकीला. तिनं ते वापरलेच पाहिजेत असं नाही. विकताना मात्र एकगठ्ठा विकावेत. अपवाद एक : बारीक तोंडाची पक्कड. ती शेजारच्या पंपवाल्याला. त्यानं ती एका दिवसासाठी नेली होती. तो दिवस अजून संपलेला नाही, तेव्हा आता ती त्याचीच.

कलम चार. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात आमच्या गाडीचे गुण कापणारे मिशीवाले परीक्षक हयात असतील तर त्यांना लाल काचेखालचा एक लहान दिवा द्यावा. तो माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, कापसात आहे. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला अस्सल दिवा आहे. जळालेला आहे. त्यांनी तो मूळ स्वरूपात जपावा. त्यांनी गुण का कापले, हे पुढच्या कलमात येईल.

कलम पाच. गाडी.

दोन माणसांची, उघड्या टपाची, ठेंगणी गाडी. अण्णांनी ती भंगारातून आणली तेव्हा तिच्या डॅशबोर्डवर एक गोल भोक रिकामं होतं. तिथलं घड्याळ कोणीतरी काढून नेलं होतं. अण्णांनी तसंच दुसरं शोधलं. तेही बंद पडलेलं. ते त्यांनी महिनोन्‌महिने खोलून, पुसून, जोडून चालू केलं. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. चालायचं, पण मागे पडायचं. अण्णा म्हणत, "सावकाश जायची आठवण करून देतं."

ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी वहिनी बाळंतपणासाठी माहेरी होती. कळा सुरू झाल्याचा फोन आला आणि मी आणि दादा गाडी घेऊन निघालो. मी चालवत होते. दादा शेजारी बसून घड्याळाकडे बघत होता. "पोचू ना गं?" एवढंच विचारत होता. मोठ्या चढावर इंजिनाच्या तेलाची नळी सैल झाली आणि तेल रस्त्यावर सांडत गेलं. तेलाचा दाब गेला की लाल दिवा लागायला हवा. दिवा जळालेला होता. आमच्यासमोर सांगायला होतं ते फक्त घड्याळ, आणि ते सांगत होतं की अजून पुष्कळ वेळ आहे. मग इंजिन खडखडलं आणि जाम झालं. दादा भाजीच्या ट्रकमधून पुढे गेला. पोचला तेव्हा ठकी जन्मून, रडून, झोपलीसुद्धा होती.

इंजिन नव्यानं बांधून घेतलं तेव्हा मी घड्याळ काढलं आणि त्याच भोकात तेलाच्या दाबाचं मीटर बसवलं. तबकडी मी स्वतः रंगवली. घड्याळावरच्या वळणाचेच आकडे काढले, तोच फिकट हिरवा रंग. शर्यतीच्या गाड्यांचे मिस्त्री करतात तसं मीटर थोडं फिरवून बसवलं, म्हणजे दाब ठीक असला की काटा सरळ वर उभा राहतो. आकडे वाचायला लागत नाहीत. नजरेच्या कोपऱ्यातून काटा उभा दिसला की पुरे. दुसऱ्यांचे बारा वाजले की वाटोळं होतं. आमच्या गाडीत काटा बारावर असला की सगळं क्षेम. प्रदर्शनात गुण कापले गेले ते याच बदलासाठी.

दादानं बघितलं. "आकडे वाकडे लावलेस," म्हणाला.

"काटा सरळ आहे ना?"

"अण्णांचं घड्याळ काढलंस तू."

"दादा, त्या दिवशी हे असतं तर—"

"त्या दिवशीचं मला सांगू नकोस."

घड्याळ त्यानं उचललं आणि फळीपलीकडे नेलं. तेव्हापासून तो गाडीत बसलेला नाही आणि माझ्याशी थेट बोललेला नाही. बोलतो तो ठकीमार्फत. ठकी समोर नसली तरी तिच्यामार्फतच.

"ठके, तुझ्या आत्याला सांग, तिच्या पंख्यानं माझं डोकं उठलंय."

"ठके, तुझ्या बाबांना सांग, डोकं उठलं म्हणजे जागेवर आहे. अभिनंदन."

घड्याळ त्यानं बॅटरीला जोडून दुकानात ठेवलं आहे. त्याच्या दुकानातली झाडून सगळी घड्याळं बरोबर वेळ दाखवतात. ते एकच मागे पडतं. दादाच्या हाताला ते सुधारणं अवघड नाही. तो हात लावत नाही. इतक्या टिकटिकीत मला ते वेगळं ऐकू येतं आणि ते ऐकू आलं की मला बरं वाटतं, हेही इथे लिहून ठेवते.

कलम सहा. अण्णांनी गाडी आम्हा दोघांच्या नावावर ठेवली. निम्मी माझी, निम्मी दादाची. माझी निम्मी मी ठकीला देते. पण वकीलबाई म्हणाल्या ते खरं आहे : निम्मी गाडी कोणाला चालवता येत नाही. दादाच्या सहीशिवाय ती ठकीच्या नावावर होणार नाही आणि दादा गाडीचा विषय निघाला की भिंग डोळ्याला लावतो. तो अडून बसला तर गाडी पत्र्याखाली गंजेल. इतर कशापेक्षाही मला धास्ती आहे ती या गंजाची. ज्या पोरीच्या जन्मासाठी आम्ही निघालो होतो, तिला ती गाडी मिळू नये, हे बरं नाही.

कलम सात. म्हणून, माझ्यामागे ते मीटर काढून तिथे घड्याळ परत बसवण्याचा हक्क मी दादाला देते. त्यात ठकीनं किंवा कोणी आडवं येऊ नये. त्याला माहीत नसेल म्हणून लिहिते : मी डॅशबोर्डवर एकही नवं भोक पाडलेलं नाही. घड्याळाची वायर कापलेली नाही. टोकाला पट्टी गुंडाळून ती मागे बांधून ठेवली आहे. अण्णांच्या हातच्या कामाला कानस लागलेली नाही. अट एकच. मीटर काढण्याआधी दादानं एकदा गाडीत बसून मोठ्या चढाच्या माथ्यापर्यंत जावं आणि काट्याकडे बघावं. नंतर त्याच्या मनाला येईल ते करावं.

(कलम दोनमधला ठेवीचा मजकूर आणि कलम सात पूर्ण, मी खोडलं आहे. खोडलेलं वाचता येतं. खाडाखोड केली तर कारण लिहून सही करावी, असं वकीलबाईंनी सांगितलं. कारण पुढीलप्रमाणे.)

आज दुपारी सहीसाठी दुकानात समोरचा शिंपी आणि पंपवाला असे दोन साक्षीदार बोलावले होते. वकीलबाईंनी मजकूर मोठ्यानं वाचला. कलम तीनपाशी थांबल्या.

"पक्कड कोणाला?"

"मला," पंपवाला म्हणाला.

"मग तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही तरी करा, नाहीतर पक्कड तरी घ्या."

पंपवाल्यानं विचार केला. "पक्कड हाताला बसलीये हो," म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

वकीलबाईंनी बाकीचं वाचून पुरं केलं. दुसरा साक्षीदार कुठून आणायचा, यावर शिंपी गल्लीतली नावं सुचवत होता. तेवढ्यात फळीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. दादा दारातून आत आला. मधल्या फळ्या नसत्या तर चार पावलं. त्याला रस्त्यावरून यावं लागलं.

"मी करतो सही," तो वकीलबाईंना म्हणाला.

"तुम्ही कलम सात ऐकलंत ना? सही केलीत तर तो हक्क जाईल. मीटर तिथंच राहील."

"ऐकलं. फळी आहे ती, तिजोरी नव्हे."

"आणि साक्षीदाराच्या बायकोलाही काही मिळत नाही. ठेव जाईल."

दादा थांबला. फळीतल्या झरोक्यातून वहिनीचा आवाज आला. "माझे गुडघे माझे मी बघेन. तुम्ही सही करा आधी!"

दादानं पेन घेतलं. मग माझ्याकडे वळला. मधे ठकी नव्हती.

"वायर कापली नाहीस?"

"नाही."

"सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का?"

त्यानं मान हलवली. "मीटर राहू दे. चालवणाऱ्यानं दाब बघावा. वेळ बघायचं काम शेजारी बसणाऱ्याचं."

"आणि तुमचा निम्मा हिस्सा?" वकीलबाईंनी विचारलं.

"ठकीच्या नावावर करतो. वेगळा कागद करा. पण शेजारची सीट माझी. ती कोणाला लिहून देत नाही."

म्हणून सुधारणा : बँकेतली ठेव ठकीला. गुडघे कोणाचे, ते तिला माहीत आहे. कलम सात रद्द. पक्कड कायम.

हे लिहून होईपर्यंत दादा घड्याळ घेऊन गाडीत शिरला. वायर त्याला सापडली. शेजारच्या सीटसमोरच्या खणात, एकही भोक न पाडता, त्यानं घड्याळ टेकवून बसवलं आहे. सह्या झाल्यावर आम्ही दोघं चढाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणार आहोत. मी माथ्यापर्यंत म्हटलं होतं.

"माथ्यापर्यंत जाऊ, झडप बसवून आल्यावर," दादा म्हणाला. "घाई कसली?"

हे मृत्युपत्र वकीलबाईंनी आपल्याजवळ ठेवावं. गाडीत नेऊ नये. गाडीत दोनच सीटा आहेत.

लिहून देणार : सही. मीटरवाली.

साक्षीदार पहिला : सही. समोरचा शिंपी. मला काही मिळालेलं नाही, मिळायचंही नव्हतं.

साक्षीदार दुसरा : सही. घड्याळजी, लिहून देणारीचा दादा.

स्थळ : दुकान, फळीच्या अलीकडे.

दिनांक : चौदा नोव्हेंबर. वेळ, गाडीतल्या घड्याळाप्रमाणे, पावणेपाच. खरी वेळ थोडी पुढे आहे.