सुमीच्या ताऱ्यांवरचं तेल

शुक्रवार, सांजच्याला. खुटबाव.

सोनल, माझ्या रोजनिशीत काल वार घालायचा विसरलीस, आज आधी तो घाल. कॉलेजात जाणाऱ्या नातीला माझ्यासारख्या अंगठेबहाद्दर आजीनं आठवण करून द्यायची, म्हंजी कमालच.

माझी धाकटी बहीण सुमी पुण्यात जन्मभर दुर्बिणीतून तारे बघत बसलीय. आता तिचे कागद संग्रहालयात ठेवायचेत, म्हणून तिथल्या दोघी जणी आज आपल्या माळ्यावरची तिची पेटी न्यायला आल्या. पांढरे हातमोजे घालून एकेक कागद उचलत होत्या. माझ्या बाळंतपणात मला कुणी इतकं जपलं न्हाई.

सुमी शाळेत गेली, तवा शेरडं मी राखली. ते कुणी विचारलं न्हाई. विचारतील तरी कशाला? जळते का मी? व्हय, जळते. लिही तसंच.

मग ताऱ्यांच्या एका नकाशावर तेलाचा डाग निघाला. रद्दी समजून त्यावर मीच पापड वाळवले होते. वाटलं, आता बोलणी खाते. पण त्यातली एक हातमोजेवाली वाकून म्हणाली, "आजी, हा डाग कशाचा हो?"

"पापडाचा. माझ्या."

"पूर्ण नाव सांगा ना तुमचं."

आन् तिनं आपल्या यादीत डागाच्या नोंदीशेजारी माझं नाव टिपून घेतलं! आता काचेत सुमीचे तारे, आन् त्यांच्यावर माझं तेल. जळजळ जरा निवली. जरा म्हंजी जराच.

उद्या सुमीला कुरडयांचा डबा पाठव. मोडक्या वेचून भर. अख्ख्या त्या हातमोजेवालीला.