बांधीतला लसूण

४ नोव्हेंबर

ही डायरी खताच्या दुकानात फुकट भेटली. गेल्या सालची आहे. छापलेल्या तारखेवर रेघ मारून नवी टाकून राहिली. चौथी शिकली आहे मी, एवढं जमते. लिहायचं कारण एकच. उद्या कोणी म्हणू नये की रत्नमाला आधी बोलली नव्हती.

काल गावात दिवाळीनंतरची मंडई होती, जत्राच म्हणा. आसगावहून विहीण आली, कुंताबाई, आमच्या सुनेची, मेघाची आई. बाकीचे पाहुणे मंडई पाहाले येतात, ही घरामागची वाडी पाहाले गेली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. वांग्याले कीड, मिरचीच्या पानाले मरोड, सगळं मोजून आली.

मेघाले पाचवा महिना आहे. मार्चात दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मले ठाऊक आहे. पण इथून भंडाऱ्याचा दवाखाना जवळ, आणि आसगावले मच्छर किती. शिवाय मेघा गेली तर सकाळचा चहा कोण करीन. एवढ्यासाठीच म्हटलं, राहू द्या तिले इथं. बाकी मले तिची काही गरज नाही.

कुंताबाई म्हणे बाळंतिणीले रोज जवस-लसणाची चटणी लागते, आणि लसूण घरच्या मातीतला पाहिजे. तिच्याकडं दरसाल होते. तुमच्याकडं कधी झाला का, असं विचारलं. मी म्हटलं, यंदा होईल. ती हसली आणि सगळ्यांसमोर बोलली :

"ईनबाई, माघ पुनवेले मी मेघाले न्याले येते. तुमच्या वाडीत माह्या मुठीएवढा लसूण दिसला, तर एकटी वापस जाईन."

मी हो म्हटलं. तिची मूठ लहान आहे. जेवताना पाहून ठेवली.

८ नोव्हेंबर

मोहाडीच्या बाजारातून लसूण आणला. एकेक गड्डा दाबून घेतला. दुकानदार म्हणे, बाई, आंबे आहेत काय. मी म्हटलं, तुले काय करायचं.

पोरगा विनोद साकोलीच्या दुकानात कामाले आहे, रविवारी घरी येते. त्याने लहान कांद्यांची थैली आणली, ते इडलीसोबतच्या सांबारात टाकतात तसले. बायकोले खाव वाटले म्हणे. माझ्या डोहाळ्याले याच्या बाबाने बोरंसुद्धा आणली नव्हती. मेघाने अर्धे कांदे ठेवले, लसणासोबत लावू म्हणते.

तिने मोबाईलवर लसणाचे व्हिडिओ पाहिले आहेत. म्हणते, आई, वाफा उंच पाहिजे, माती भुसभुशीत पाहिजे, पाकळी शेंडा वर करून लावायची, पाणी बेतानं द्यायचं. मी ऐकून घेतलं. दोन जिवाची आहे, तिले काय बोलायचं. पण मोबाईल कधी चिखलात उतरला का? मी पंचवीस वर्षं धानाचा रोवणा केला. माझ्याआधी ओळ संपवून धुऱ्यावर चढलेली बाई या गावात नाही. ज्या हाताले धान ऐकते त्या हाताले लसूण ऐकणार नाही काय.

९ नोव्हेंबर

पाकळ्या सुट्या केल्या. भिजवून ओल्या पोत्यात बांधल्या, वरून पाटा ठेवला. धानाचं बी असंच मोड आणते.

१२ नोव्हेंबर

पोतं उघडलं. वास आला. लसणाले वास येणारच.
काही पाकळ्या बुळबुळीत झाल्या, त्या कमजोर होत्या. बाकीच्यांले हिरवे मोड. फर्स्ट क्लास.

१३ नोव्हेंबर

मोठं काम झालं. धानाची कापणी चालू आहे, तरी विनोदच्या बाबाले आज वावरात जाऊ दिलं नाही. त्यांनी वाडीत चारी बाजूनं मातीचा धुरा बांधून धानासारखी लहानशी बांधी केली. मोटर लावून घोट्याइतकं पाणी भरलं. मी चिखल तुडवला. मग वाकून, मागं सरकत, दोरीत ओळी घेतल्या. एका जागी तीन पाकळ्या. एका तासात सगळं लावून मोकळी.

मेघा दाराशी उभी होती. दोनदा तोंड उघडलं आणि बंद केलं. समजदार पोरगी आहे.

शेजारची शकुनबाई कुंपणावरून वाकून पाहात होती. तिने विचारलं, वाडीत उन्हाळी धान घेता काय. मी म्हटलं, लसूण आहे. ती आणखी वाकली. मग म्हणे, मी तर दसऱ्यालेच लावला, पुनवेपर्यंत तुमचा भरणार नाही. हिले प्रत्येक गोष्टीची घाई.

बांधीत लहान कांद्यांले जागा उरली नाही. धुऱ्यावर फेकले आणि टाचेनं दाबले.

१८ नोव्हेंबर

हिरवंगार! पाण्याच्या वर बोटभर पाती. मेघाले फोटो काढाले लावला आणि आसगावले पाठवला. कुंताबाईकडून एक पिवळं तोंड आलं, डोळ्यातून पाणी काढून हसणारं. मेघा म्हणे, आनंद झाला आईले. मले ते तोंड आनंदाचं वाटलं नाही.

२७ नोव्हेंबर

शेंडे पिवळे. भूक लागली असेल. मूठभर युरिया टाकला.

मेघा म्हणे, आई, पाणी काढून टाकू. मी समजावलं की बांधीतलं पाणी काढणं म्हणजे पोराच्या तोंडातलं दूध काढणं. तिने चहा करून आणला. अद्रक घातलं होतं. चहा तिले येते, हे मी नाकारत नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी बांधी कोरडी. धुऱ्याले कोपऱ्यात भोक. खेकड्याचं काम. धानाच्या बांधीत पण मेले असंच करतात. भोक बुजवलं, पाणी भरलं.

३ डिसेंबर

पुन्हा भोक. यावेळी चांगलं हातभर रुंद, आणि कडा सरळ, फावड्यानं कापल्यासारख्या. आमच्या बोडीतले, मागच्या तळ्यातले खेकडे मोठे आहेत. विनोदच्या बाबाले दाखवलं. ते म्हणाले, हो, खेकडाच. त्यांच्या पायाले चिखल होता. सकाळी सकाळी कुठं गेले होते, विचाराचं राहून गेलं.

५ डिसेंबर

आता पाणी बंद. हा निर्णय मी स्वतः घेतला. खेकड्यांशी किती भांडायचं. माती जरा वाळली तर मुळ्याले हवा लागीन, असं मले आतून वाटलं. मेघाले सांगितलं. ती म्हणे, आई, तुम्हाले बरोबर सुचलं.

९ डिसेंबर

एक उपटून पाहिला. गड्डा नाही. वापस रोवला.

१० डिसेंबर

दुसरा उपटला. नाही.

११ डिसेंबर

कालचा होता तोच पुन्हा उपटला. एका दिवसात काही झालं असेल म्हणून. नाही.

१६ डिसेंबर

रोज पाहणं बंद. ठरलं. लसणाले नजर लागते. आता आठ दिवसांतून एकदा.

१७ डिसेंबर

तीन उपटले. एकाचं बूड सडलं होतं, दोन नुसते रुसून बसले. सकाळी वापस रोवले होते, संध्याकाळी आडवे पडले. नाजूक जात आहे. धान असं करत नाही. धान कसं, एकदा रोवलं की रोवलं.

विनोदचे बाबा म्हणे, लेकराची उंची रोज पाय धरून मोजली तर तेही आडवं पडीन. त्यांच्या बोलण्याकडं मी लक्ष दिलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मोजले. एकेचाळीस उरले. यातले बत्तीस उभे आहेत.

हळदीकुंकवाले बाया आल्या. मी सगळ्यांले समोरच्या खोलीत बसवलं. शकुनबाईले मात्र पाणी प्यायले मागंच जायचं होतं. वापस येऊन म्हणे, रत्नमाला, धुऱ्यावर पाहिलं काय? पाहिलं. फेकून दिलेल्या कांद्यांनी झुबकेच्या झुबके धरले आहेत. पाणी नाही दिलं, खत नाही दिलं, एकदाही उपटून पाहिलं नाही, तरी वाढले. निर्लज्ज जात.

मेघाचं पोट आता चांगलं दिसते. वाण वाटताना बसली की उठाले हात लागते. हात मीच देते, जवळ बसते म्हणून.

२ फेब्रुवारी

मेघाले विचारलं, बाळंतिणीले कांदा चालते काय. ती म्हणे, आई, चालते, पण तुमचं ठरलं ते लसणाचं. मग थोड्या वेळानं म्हणे, तुम्हाले मी इथं राहाव वाटते काय. मी म्हटलं, मले कायले वाटीन, मी आपलं पीक विचारून राहिली.

८ फेब्रुवारी

माघ पुनवेले चार दिवस. एक गड्डा काढला. बोराएवढा. पाकळ्या पण पडल्या नाहीत, नुसता गोळा. कुंताबाईची मूठ लहान आहे, पण इतकी नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी घरचे लवंडले होते. मोहाडीहून आणलेले सात मोठे गड्डे वाडीत नेले आणि माझ्याच पातीखाली मातीत बसवले. याले खोटं म्हणता येत नाही. लसूण लसणाच्या जागी ठेवला. गाय आटली तर शेजारचं दूध आपल्या गंजात ओततोच ना माणूस. वरून थोडं पाणी शिंपडलं. पुढची ओळ पाहिली तर मलेच अभिमान वाटला.

१२ फेब्रुवारी, पुनव

कुंताबाई दहाच्या बसनं आली. चहा नको म्हणे, आधी वाडी. सगळे मागं गेलो. शकुनबाई कुंपणावर होतीच.

मी पुढच्या ओळीकडं बोट केलं. कुंताबाईने लुगड्याचा पदर खोचला, पात धरली आणि ओढली. पात तिच्या हातात आली. गड्डा मातीतच राहिला. मग तिने बोटानं उकरून काढला. मोठा होता. पांढरा, कोरडा, खालून मुळ्या साफ कापलेल्या, बाजारात कापतात तशा. तिने तो मुठीत धरून पाहिला. मुठीपेक्षा मोठा. एवढं तरी सगळ्यांनी पाहिलं.

"याच्या मुळ्या कोणी कापल्या?" कुंताबाईने विचारलं.

विनोदचे बाबा म्हणाले, "खेकड्यानं."

मेघा पोट धरून हसली. शकुनबाई कुंपणाखाली दिसेनाशी झाली. मी म्हटलं, यात हसाले काय आहे.

कुंताबाई मात्र हसली नाही. तिने गड्डा माझ्या हातात ठेवला, हाताची माती झटकली आणि हळूच म्हणाली, "मेघाले तर मी नेते. पण ईनबाई, तुम्हाले येऊ नका असं कोणी म्हटलं काय?"

मी म्हटलं, विहिणीच्या घरी मुक्काम करणारी बाई मी नाही. मले इथं कामं आहेत.

दुपारच्या बसनं गेल्या. मेघाने जाताना चहाच्या डब्याची जागा दाखवली. माझ्याच घरात.

१३ फेब्रुवारी

चहा केला. उतू गेला.

१५ फेब्रुवारी

चहा केला. विनोदचे बाबा अर्धा कप प्याले आणि त्यांनी पाणी मागितलं. घर शांत आहे, बरं वाटते. मेघा असली की दिवसभर आई, आई. आज कोणीच हाक मारली नाही. कान मोकळे झाले.

२३ फेब्रुवारी

लहान कांदे काढले. टोपलंभर. विनोदसोबत आसगावले पाठवले. निरोप दिला की कांद्याची लागवड माझ्या खास पद्धतीची आहे, कोणाले सांगायची नाही. कुंताबाईने टोपलं वापस पाठवलं, त्यात लसणाची जुडी. एकेक गड्डा माझ्या मुठीएवढा. मी ती चुलीमागं टांगून ठेवली. खायची इच्छा नाही. पाहाले ठीक आहे.

१८ मार्च

नात झाली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. भंडाऱ्याच्या दवाखान्यात. विनोदनं फोनवर सांगितलं. दोघी बऱ्या आहेत.
दोन दिवसांसाठी जाऊन येते. बाळंतिणीची व्यवस्था नीट आहे का, एवढं पाहायचं आणि निघायचं. कोणीतरी पाहिलंच पाहिजे.

२९ मार्च, आसगाव

मुक्कामाचा नववा दिवस. उद्या निघीन.

पहिल्या दिवशी बाळाले तेल लावाले गेली, तर कुंताबाई म्हणे, राहू द्या, माझा हात बसला आहे. दुसऱ्या दिवशी मेघाचा शिरा करते म्हटलं, तर झाला होता. तिसऱ्या दिवशी वाडीत गेली आणि एका वाफ्यात पाणी सोडलं. त्यानंतर मले वाडीत पाठवत नाहीत. कुंताबाई माझ्यापुढं सूप ठेवते आणि सूपभर लसूण. मी ओसरीत बसून सोलते. रोजची चटणी याचीच होते. मेघा आतून आवाज देते, आई, झालं काय. आम्ही दोघी एकदम हो म्हणतो.

आज कुंताबाई माझ्या सोललेल्या पाकळ्या पाहून म्हणाली, ईनबाई, सोलणं मात्र तुम्हाले चांगलं जमते.

मी म्हटलं, जमते.