बेंजो, बारा कॅसेटी आणि साक्षीदार जनू

मी, नाथा गुणाजी म्हात्रे, वय अडुसष्ट, धाटावच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त, हळदी-लग्नांत बेंजो वाजवणारा, राहणार रोहा, हा कागद राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या डोक्याबाबत पत्नी अनिता हिचं मत निराळं आहे. ते जोडलेलं नाही.

१. राहतं घर, पोस्टातली ठेव व स्कूटर अनिताची. यात बोलण्यासारखं काही नाही.

२. टेपरेकॉर्डर व बारापैकी अकरा कॅसेटी मुलगी ऋतुजा हिला. कंपनीतल्या एका इंजिनियर साहेबांनी बदली होताना त्या मला दिल्या. सगळं सत्तरच्या दशकातलं विलायती प्रोग्रेसिव्ह रॉक. साहेबांनी तबकड्यांवरून उतरवून घेतलं पण नावं लिहिली नाहीत, म्हणून नावं माझी आहेत. ऋतुजाने आधी 'बासरीवाली' ऐकावी. हा नुसता गोंगाट आहे म्हणणाऱ्यांचं तोंड ती बंद करते. मग 'भरती': अख्ख्या बाजूला एकच गाणं, ऑर्गन खाडीच्या पाण्यासारखा हळूहळू चढतो आणि ड्रम बऱ्याच उशिरा येतो. तोवर उठून चहा ठेवायचा नाही. 'साताची' शेवटी. ताल आपल्या रूपकासारखा सात मात्रांचा, पण मध्येच एक मात्रा गायब होते. पहिल्यांदा काही कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. टेप पुढे पळवून ऐकल्यास हे कलम रद्द समजावं.

३. मेव्हणा प्रणित याने 'जहाज' या कॅसेटवर स्वतःच्या साखरपुड्यातली भाषणं भरली. ती कॅसेट त्याला. त्याने ती ऐकावी.

४. बेंजो जनू ठाकूर याला द्यायचा विचार होता. जनू आमच्या पार्टीचा ढोलकीवाला, राहणार वडखळजवळ. 'साताची' मी बेंजोवर बसवली तेव्हा बाकीचे हात जोडून उठले. जनूने ती ढोलकीवर पक्की केली. पेण ते रोहा असा दुसरा हात नाही. पुढे डोलवीच्या एका हळदीत आम्ही ती वाजवली. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले, नवरदेवाची मावशी पडली. जनूने ढोलकी थांबवली आणि माईकवर म्हणाला, "नाथा, लोकां नाचाला आलीत, हिशेब कराला नाय!" अख्खा मांडव हसला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही आणि पार्टीही मोडली. चूक त्याची होती.

५. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, मागाहून वाद होतात. म्हणजे जनूला एकतर बेंजो देता येईल, नाहीतर साक्षीला बोलावता येईल. बेंजो न्यायला तो मी गेल्यावर येणार. साक्षीला मी जिवंत असताना यावं लागतं, आणि माझी सही होईपर्यंत समोर बसावं लागतं. मला त्याची फार आठवण येते. म्हणून बेंजोही ऋतुजाला. जनूला या कागदाने काहीही देत नाही.

हा कागद वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: रोहा
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

सही: नाथा गुणाजी म्हात्रे

साक्षीदार १: शौनक बाळ जोशी, शेजारी

साक्षीदार २: जनू ठाकूर. (सहीखाली त्याच्याच अक्षरात: "वाचला. सही केली. जेवल्याशिवाय जानार नाय.")