कवळीवालीचा कॉलेजप्रवेश

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे सध्या अर्धाच घालते आहे, उरलेला भेटीत.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? मागच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून रागावली असशील, तर तो राग हे वाचून होईपर्यंत जपून ठेव, उपयोगी पडेल. इकडे मी नि बाबा ठीक. बाबांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली आणि आता ऐकू येत असूनही न ऐकण्याची कला त्यांना साधली आहे.

बातमी अशी, की मला दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. चुकून वाचलं असं वाटून परत मागे जाऊ नकोस. नोकरी नव्हे, प्रवेश. पाच वर्षं, पांढरा कोट, हजेरी, सगळं.

झालं असं. तेवीस वर्षं मी लॅबमध्ये कवळ्या करते, हे तुला माहीत आहेच. (लोकांना तू 'ती मेडिकल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगतेस, हे मला माहीत आहे.) डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा करतो, मेणात दात मांडतो आणि तयार कवळी डबीतून परत जाते. माणूस कधी येत नाही, त्याचं माप येतं. मागच्या वर्षी एका डॉक्टरने ओढाताण झालेलं माप पाठवलं. मी फोन करून पुन्हा घ्यायला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाई, तोंडात काय आहे ते मी बघतो, तुम्ही डबीत काय आहे ते बघा." कवळी अर्थातच बसली नाही आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मला राग असा फारसा आला नाही. फक्त दुपारी डबा खाताना लक्षात आलं, की पोरगा उद्धट असला तरी बोलला ते खरं होतं. इतके दात केले, पण तोंड मी एकही पाहिलेलं नाही.

कॉलेजचे नियम काढून वाचले. वयाला खालची मर्यादा होती, वरची नव्हती. (कोणी येईल असं लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.) बारावीला माझं विज्ञान होतं, हे प्रमाणपत्र सापडल्यावर मलाही पटलं. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. जन्मसालाची यादी खाली खाली सरकवत गेले, तर ती माझं साल यायच्या आधीच संपली. कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने मला शांतपणे समजावलं, की साल मुलीचं टाकायचं असतं, आईचं नव्हे. मला मुलगी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग मुलाचं टाका." तोही नाही म्हटल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, तरी मी तिथेच होते. शेवटी फॉर्म कागदावर घेतला आणि वर 'विशेष बाब' असा शिक्का मारला.

मग आठ महिने पहाटे पाच ते सात अभ्यास. मनात वाचलेलं माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मोठ्याने. परीक्षेच्या दिवशी रखवालदाराने मला पालकांच्या खुर्च्यांकडे पाठवलं. मी दहा मिनिटं तिथे बसलेही, कारण पंखा होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण बसलंय आत?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही, मीच बसायची आहे." त्यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि स्वतःची खुर्ची थोडी लांब सरकवली.

लेखी परीक्षा निभावली. पुढे मेणाचा दात कोरायची परीक्षा होती. इथे मी छाती काढूनच गेले होते, ते नडलं. एक तास दिला होता, माझा दात वीस मिनिटांत झाला. परीक्षक बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "सुरेख आहे, पण झिजलेला आहे." मी पाहिलं, खरंच होता. आमची गिऱ्हाइकं साठीच्या पुढची, त्यांना शोभतील असे दात कोरायची हाताला सवय. पुस्तकातला दात अठरा वर्षांचा असतो, त्याने अजून काही चावलेलं नसतं. गुण कापले. बरोबरच होतं.

शेवटी मुलाखत. टेबलामागे तिघं. मधले प्रमुख सर म्हणाले, "बसा. सांगा, सगळं सोडून या वयात कशासाठी?" आणि प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजली. मी उत्तर सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वरची कवळी होती आणि डावीकडचा दुसरा दात केसभर वळलेला होता. (सगळे दात रांगेत असले की खोटे दिसतात, म्हणून मी तो एक वळवते. आमच्याकडे दुसरं कोणी वळवत नाही.) ताई, कवळी माझी होती. पुढच्या दातांमागे मी जाडी जास्त ठेवली होती, जीभ तिथे अडत होती, आणि तो माणूस बिचारा कोण जाणे किती वर्षं वर्गात शिट्ट्या वाजवत शिकवत होता.

गप्प बसले असते तर चाललं असतं. पण तोंडून निघूनच गेलं, "सर, ही चूक माझी आहे. पाच मिनिटं द्या." दोन्ही परीक्षक एकदम खिडकीबाहेर बघू लागले, बाहेर नुसती भिंत होती. सरांनी आधी दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं. मग पाठ फिरवली, कवळी रुमालात काढून माझ्यापुढे ठेवली. माझ्या पर्समध्ये कानस असतेच. घासली, धुऊन आणली आणि म्हटलं, "साठपासून मोजा." ते मोजू लागले. साठ, एकसष्ट, बासष्ट. सहासष्ट, सदुसष्ट अगदी स्वच्छ. मी थांबा म्हटलं तरी ऐंशीपर्यंत गेले.

मग कागद पुढे ओढून म्हणाले, "मी आता तुमचा पेशंट झालो. तुम्हाला गुण देता येणार नाहीत मला." मुलाखत रद्द. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तिघांनी घेतली, तिघांचेही दात स्वतःचे होते. तरी यादीत शेवटचं नाव माझं लागलं. आनंद झाला का म्हणून विचारशील, तर झाला असावा. पण घरी येताना डोक्यात एकच होतं, की मी केलेली कवळी बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली आणि ती चुकीचं बोलत होती.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
धाकटी

ता. क. सरावाला खरे दात लागतात. भावोजींचे काढलेले तीन तू टाकले नसशील (तू काहीच टाकत नाहीस), तर पाठव.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र दातांसाठी नाही. कॉलेज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, त्या वेळात बाबांजवळ कोणी नाही. पाच वर्षं त्यांना तुझ्याकडे ठेवशील का? हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. नाही म्हणालीस तर मी प्रवेश सोडेन आणि तुला कधी बोलूनही दाखवणार नाही. (एकदा दाखवेन.)

ता. क. ३. बाबांना आत्ता भीत भीत विचारलं, तर कळलं त्यांनी परवाच बॅग भरली आहे. सोमवारी दुपारच्या गाडीने येताहेत, उतरवून घ्यायला कोणाला तरी पाठव. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताहेत का, असं विचारलं. म्हणाले, "पहाटे पाचला घोकणाऱ्या मुलीचा बाप मी एकदा होऊन झालोय. आता मला झोपू द्या."